रस्त्याचा वर्ग, स्थानकाचा दर्जा

शालेय भूगोलात नकाशातील सांकेतिक खुणांचा पाठ असतो. तो बहुतेक वेळा पाठांतराने उरकला जातो. दुहेरी लाल रेघ म्हणजे पक्का रस्ता, तुटक रेघ म्हणजे कच्चा रस्ता, काळी रेघ म्हणजे लोहमार्ग. परीक्षेत चार गुण मिळतात आणि पाठ संपतो. पण रस्ते असेच का विभागले, पक्का आणि कच्चा हाच भेद का महत्त्वाचा मानला, एखाद्या स्थानकाला ‘अ’ दर्जा आणि शेजारच्याला ‘फ’ दर्जा कोणी व कशावरून दिला, हे प्रश्न वर्गात फारसे विचारले जात नाहीत. ते विचारले तर भूगोलाच्या पाठातून इतिहासाचा एक चांगला पाठ तयार होतो. येथे आपण तो छत्रपती संभाजीनगर आणि त्याच्या परिसराच्या आधारे पाहू.

आधी नावांविषयी. शहराचे नाव २०२३ मध्ये औरंगाबादऐवजी छत्रपती संभाजीनगर झाले. रेल्वे स्थानकाचे नाव त्यानंतर, ऑक्टोबर २०२५ मध्ये बदलले. जुन्या नकाशांवर जुनेच नाव छापलेले आहे, म्हणून जुन्या काळाविषयी लिहिताना आम्ही त्या काळचे नाव वापरले आहे.

दिवसांनी मोजलेली वाट

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने हिंदी महासागरातील व्यापाराची माहितीपुस्तिका लिहिली. ती ‘पेरिप्लस’ या नावाने प्रसिद्ध आहे. तीत पैठणचा उल्लेख आहे. बरीगाझा म्हणजे भडोचपासून पैठण दक्षिणेला सुमारे २० दिवसांच्या प्रवासावर आणि तेथून पूर्वेला सुमारे १० दिवसांवर तगर म्हणजे आजचे तेर, असे अंतर दिले आहे. या भागांतला माल धड वाटा नसलेल्या विस्तीर्ण प्रदेशातून गाड्यांनी भडोचला जात असे, हेही त्यात आहे. अंतर कोसांत नाही, दिवसांत आहे, कारण व्यापाऱ्याला मुक्काम किती पडतील आणि गाडी जाईल की नाही एवढेच हवे होते. त्याच्या लेखी वाटांचे दोनच वर्ग होते: गाडी जाणारी आणि न जाणारी.

मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली. तिचेच पुढे औरंगाबाद झाले. या शहराच्या वेशींची नावे पाहिली तर त्यांतही रस्त्यांची एक यादी सापडते. दिल्ली दरवाजा आणि पैठण दरवाजा ही नावे तेथून निघणाऱ्या रस्त्याचे टोक सांगतात. सतराव्या शतकात ताव्हेर्निए आणि तेव्हनो हे फ्रेंच प्रवासी सुरतेहून गोवळकोंड्याकडे या भागातून गेले. त्यांच्या वर्णनांतही मुक्कामामागून मुक्काम आणि त्यांतील अंतरे येतात. रस्ता म्हणजे ठिकाणांची माळ, अशीच ती कल्पना आहे. त्याची रुंदी किंवा बांधणी कोणी नोंदवत नाही.

सैन्याला मात्र एवढ्यावर भागत नव्हते. तोफा नेण्यासाठी नदीला उतार कोठे आहे, घाटात चढ किती आहे, हे कळणे आवश्यक होते. याचे उदाहरण जवळच आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी भोकरदनजवळ असईची लढाई झाली. खेळणा नदीला जवळपास उतार नाही, असे वाटाड्यांनी आर्थर वेलस्लीला सांगितले. पण नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावे त्याला दिसली. एवढ्या जवळ वसलेल्या गावांत येण्याजाण्याची वाट असलीच पाहिजे, असा तर्क त्याने केला. अधिकारी पाठवून खात्री करून घेतली, तर उतार होता. त्याचे सैन्य तेथूनच पार झाले. गावकऱ्यांना रोजच्या वापरातून माहीत असलेली वाट कोणत्याही नकाशावर नव्हती. पुढील शतकभर सर्वेक्षकांनी जे काम केले त्याचा एक मोठा भाग म्हणजे अशी स्थानिक माहिती कागदावर आणणे. इंग्रजांच्या नकाशांवर नदीचे उतार, घाट, खिंडी आणि तोफगाडीची वाट यांना एवढे महत्त्व का, याचे उत्तर त्यांच्या लष्करी गरजेत आहे.

खडी, मुरूम आणि काळी माती

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या स्थलनिर्देशक नकाशांवरील रस्त्यांची उतरंड साधारण अशी असते: पक्का रस्ता, कच्चा रस्ता, गाडीवाट, ओझ्याच्या जनावरांची वाट आणि पायवाट. पक्के व कच्चे रस्ते पुन्हा महत्त्वानुसार कमीअधिक ठळक काढतात. इंग्रजी सूचीत पक्क्या रस्त्याला ‘मेटल्ड’ म्हटलेले असते. विद्यार्थ्यांना वाटते की येथे धातूचा काही संबंध आहे. तसे नाही. मेटल म्हणजे फोडलेली खडी. मूळ लॅटिन शब्दाचा एक अर्थ खाण असा आहे. आपल्याकडील कंत्राटदार आणि मजूर आजही खडीला ‘मेटल’च म्हणतात.

हा भेद मराठवाड्यात केवळ सोयीचा नाही. येथील जमीन बसाल्ट खडकापासून बनलेली काळी माती आहे. ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात चिकट चिखल होते. त्या चिखलात बैलगाडीचे चाक रुतले की बैल सोडावे लागतात. म्हणून पूर्वीच्या बांधकाम खात्याच्या नोंदींत ‘बारमाही रस्ता’ आणि ‘आठमाही रस्ता’ असे वर्ग असत. आठमाही म्हणजे पावसाचे चार महिने बंद. गंमत अशी की ज्या बसाल्टची काळी माती रस्ता बंद पाडते, त्याच बसाल्टची खडी रस्ता उत्तम करते. नकाशावरची रेघ सलग की तुटक यावरून त्या गावचे बाळंतपण पावसाळ्यात दवाखान्यात पोचेल की नाही, याचा अंदाज करता येत असे.

नकाशातील खूण ही मापाने काढलेली नसते, हेही येथेच सांगावे. १:५०,००० या प्रमाणावर १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५० मीटर. ७ मीटर रुंदीचा रस्ता मापाने काढायचा तर रेघ ०.१४ मिलिमीटरची होईल. ती दिसणारही नाही. म्हणून रस्ता कित्येक पट फुगवून काढतात. खिंडीत नदी, लोहमार्ग आणि रस्ता शेजारी शेजारी असले तर फुगवलेल्या तीन खुणांना जागा पुरत नाही. मग सहसा नदी व लोहमार्ग जागेवर ठेवून रस्त्याची खूण थोडी सरकवतात. कोणी जागेवर राहायचे आणि कोणी सरकायचे हे त्यांच्या वर्गावरून ठरते. प्रमाण लहान होत गेले की हीच उतरंड कोणाला गाळायचे ते ठरवते. आधी पायवाट जाते, मग गाडीवाट, मग कच्चा रस्ता. मोबाइलवरील नकाशा दूर केला की बारीक रस्ते नाहीसे होतात, तेही याच तत्त्वाने.

आपल्या गावाचा नकाशा कोणत्या क्रमांकाचा, हे शोधणे सोपे आहे. जुन्या पद्धतीत ४ अंश गुणिले ४ अंशांच्या चौकटींना क्रमांक दिले आहेत. त्यांचे एक अंशाचे १६ भाग ‘ए’ ते ‘पी’ या अक्षरांनी आणि प्रत्येकाचे १५ मिनिटांचे १६ भाग १ ते १६ या आकड्यांनी दाखवतात. अक्षरे व आकडे वायव्य कोपऱ्यातून सुरू होऊन वरून खाली उतरतात. छत्रपती संभाजीनगर शहर १९ अंश ५३ मिनिटे उत्तर आणि ७५ अंश २० मिनिटे पूर्व यांच्या आसपास आहे. ते ४७ एम/५ या पत्रकावर येते. दौलताबादचा किल्ला शेजारच्या ४७ एम/१ वर येतो. वेरूळची लेणी विसाव्या अक्षांशाच्या किंचित उत्तरेला असल्याने थेट ४६ पी/४ वर जातात. म्हणजे शाळेची एका दिवसाची सहल तीन पत्रकांवरून जाते! २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर आलेल्या नव्या मालिकेत आंतरराष्ट्रीय क्रमांक वापरतात. तेथेही हाच अक्षांश हद्द आहे: त्याच्या दक्षिणेस ‘ई ४३’ आणि उत्तरेस ‘एफ ४३’.

नागपूर, १९४३

आतापर्यंतचे वर्ग ‘या वाटेने काय जाऊ शकते’ या प्रश्नाचे उत्तर देत होते. विसाव्या शतकात एक नवा प्रश्न आला: रस्त्याचा खर्च कोणी करायचा? मोटारी वाढल्या तेव्हा जिल्हा लोकल बोर्डांना रस्ते सांभाळणे झेपेना. १९२७ मध्ये बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. रस्ते हा राष्ट्रीय हिताचा विषय आहे आणि त्यासाठी पेट्रोलवर जादा कर घेऊन स्वतंत्र निधी उभारावा, अशी भूमिका तिने मांडली. त्यातून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी आणि १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही अभियंत्यांची संस्था निर्माण झाली.

यानंतरचे महत्त्वाचे पाऊल महाराष्ट्राच्याच भूमीवर पडले. महायुद्ध चालू असताना डिसेंबर १९४३ मध्ये प्रांतांच्या मुख्य अभियंत्यांची परिषद नागपूरला भरली. तेथे ठरलेली वीस वर्षांची आखणी ‘नागपूर योजना’ म्हणून ओळखली जाते. शेतीप्रधान विकसित भागातील कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून ५ मैलांहून दूर असू नये, असे तिचे एक सूत्र होते. आज आपण वापरतो ते पाच वर्ग येथूनच आले: राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक म्हणजे आताचा राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्राम मार्ग. औरंगाबाद त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. रस्त्यांची हीच पंचवर्गी मांडणी आज तेथेही लागू आहे.

येथे वर्गीकरणाचा पाया बदलला. ‘राष्ट्रीय महामार्ग’ हे नाव रस्ता किती चांगला आहे ते सांगत नाही. तो कोणाच्या ताब्यात आहे ते सांगते. राज्य महामार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, तर इतर जिल्हा मार्ग व ग्राम मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात. त्यामुळे खड्ड्यांनी भरलेला राष्ट्रीय महामार्ग आणि गुळगुळीत ग्राम मार्ग एकाच तालुक्यात असू शकतात. सोलापूर–धुळे हा रस्ता दौलताबादजवळ जुन्या तटाच्या दरवाजातून जात असे. वर्ग राष्ट्रीय महामार्गाचा, रुंदी मात्र एका वेशीची!

या रस्त्याचा क्रमांक पूर्वी २११ होता. २०१० मध्ये देशभर क्रमांक बदलले तेव्हा तो ५२ झाला. नव्या पद्धतीत दक्षिणोत्तर महामार्गांना सम क्रमांक असून ते पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जातात. पूर्व-पश्चिम महामार्गांना विषम क्रमांक असून ते उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढतात. तीन अंकी क्रमांक शाखांचे असतात आणि त्यांतील शेवटचे दोन अंक मूळ महामार्ग सांगतात. अलीकडे शहराच्या उत्तरेकडून जाणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग झाला. त्याचा नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला. नकाशाच्या दृष्टीने हा वेगळाच वर्ग आहे. यावर ठरावीक ठिकाणीच चढता-उतरता येते. जुन्या नकाशावर दोन रेघा छेदल्या की तेथे चौक आहे असे मानता येई. आता ते खरे नाही. महामार्गाला लागून असलेले गाव महामार्गावर असतेच असे नाही.

ग्रामीण भागात वर्गाला फार मोल आहे. २५ डिसेंबर २००० रोजी प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली. ५०० किंवा अधिक लोकवस्तीच्या आणि डोंगरी व आदिवासी भागांत २५० पासूनच्या वस्त्यांना बारमाही रस्त्याने जोडायचे होते. त्यासाठी आधी ‘जोडलेली वस्ती’ आणि ‘न जोडलेली वस्ती’ असे वर्ग करावे लागले. सपाट भागात बारमाही रस्त्यापासून ५०० मीटरच्या आत असलेली वस्ती जोडलेली धरली गेली. मधल्या पट्ट्यात ओढा असला तरी मोजपट्टीला तो दिसत नाही. रस्त्याची ‘दर्जोन्नती’ करून मिळावी, म्हणजे त्याला वरचा वर्ग मिळावा, यासाठी गावोगावचे लोक अर्ज-विनंत्या का करतात ते यावरून लक्षात येईल. वर्ग बदलला की खाते बदलते, आणि खाते बदलले की निधी बदलतो.

स्थानकाची अनेक मापे

मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेडमार्गे सिकंदराबादकडे जाणारा लोहमार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला. त्याचे नाव हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे. तो मीटरगेज होता, म्हणजे रुळांतील अंतर १,००० मिलिमीटर. मनमाडला भेटणारा जी. आय. पी. रेल्वेचा मार्ग ब्रॉडगेज, म्हणजे १,६७६ मिलिमीटरचा. त्यामुळे सुमारे ११३ किलोमीटरवरच्या औरंगाबादचा प्रवासी मनमाडला गाडी बदलत असे आणि मालाचे पोते न् पोते एका डब्यातून दुसऱ्यात हलवावे लागे. स्थलनिर्देशक नकाशांवर ब्रॉडगेजला एक खूण आणि ‘इतर गेज’ना दुसरी खूण का असते, याचे कारण हेच. ती खूण सांगते की येथून गाडी पुढे जाणार नाही. १९९० च्या दशकात हा मार्ग ब्रॉडगेज झाला. त्यामुळे हाती आलेल्या नकाशावर मनमाड–औरंगाबाद मार्गाला ‘इतर गेज’ची खूण असेल, तर त्याचे सर्वेक्षण त्याआधीचे आहे असे समजावे.

नकाशा स्थानकाला एक ठिपका किंवा चौकोन देतो. रेल्वेकडे मात्र त्याच स्थानकाची अनेक मापे असतात. गाडी चालवण्याच्या नियमांत ‘ए’, ‘बी’, ‘सी’ आणि ‘डी’ असे वर्ग आहेत. पहिल्या तीन वर्गांची स्थानके गाडीला पुढच्या टप्प्यात जाण्याची परवानगी देण्याच्या व्यवस्थेत असतात. ‘डी’ वर्गात गाडी फक्त थांबते. आपल्याकडील बहुसंख्य स्थानके या अर्थाने ‘बी’ वर्गाची आहेत. याच्याशी संबंध नसलेले दुसरे वर्गीकरण प्रवासी उत्पन्नावर होते: ‘ए-१’ पासून ‘एफ’ पर्यंत. त्यात ‘सी’ म्हणजे उपनगरी स्थानके आणि ‘एफ’ म्हणजे हॉल्ट. एकच स्थानक चालकाच्या पुस्तकात ‘बी’ आणि हिशेबाच्या पुस्तकात ‘ए’ असू शके. अक्षरे तीच, प्रश्न वेगळे.

२०१७ च्या अखेरीस उत्पन्नाच्या वर्गीकरणात बदल झाला. उपनगरी नसलेली स्थानके, उपनगरी स्थानके आणि हॉल्ट असे तीन गट झाले आणि उत्पन्नाबरोबर प्रवासीसंख्याही धरली जाऊ लागली. पहिल्या गटाच्या सहा पायऱ्या आहेत. सर्वांत वरची पायरी वर्षाला ५०० कोटी रुपयांहून अधिक उत्पन्न किंवा २ कोटींहून अधिक प्रवासी यांची. सर्वांत खालची १ कोटी रुपये आणि १० लाख प्रवासी यांच्या आतली. पायरीवरून नळ किती, बाके किती, फलाटावर छप्पर किती, पादचारी पूल हवा की नको, हे ठरते. येथे एक अडचण उरतेच. उत्पन्न कमी म्हणून सोयी कमी, आणि सोयी कमी म्हणून प्रवासी एस.टी.ने जातात. मग उत्पन्न आणखी कमी.

स्थानकाचे नावही फसवे असू शकते. वैजापूरला जायचे तर रोटेगावला उतरावे लागते. गाव आणि स्थानक यांत काही किलोमीटरचे अंतर आहे. ‘नाशिक रोड’सारख्या नावात ‘रोड’ आहे तो याचसाठी. गाव येथे नाही, गावाचा रस्ता येथून आहे. स्थानक लोहमार्गाच्या वर्गात मोडते, पण ते उपयोगी पडते ते रस्त्यामुळे.

वर्गात न बसलेल्या वाटा

पाच वर्गांच्या खालीही वाटा असतात. महसुली पद्धतीच्या गावनकाशावर गाडीमार्ग तुटक दुहेरी रेघेने आणि पायमार्ग तुटक एकेरी रेघेने दाखवतात. गाडीमार्गाची रुंदी साडेसोळा फुटांपासून एकवीस फुटांपर्यंत आणि पायमार्गाची सव्वाआठ फूट धरतात. हे विचित्र आकडे मोजणीच्या ३३ फुटी साखळीतून आले आहेत. साडेसोळा तिचा अर्धा भाग, सव्वाआठ पाव. आपला गुंठाही ३३ गुणिले ३३ फुटांचा. बांधावरून शेतात जाण्याच्या कित्येक वाटा मात्र या नकाशावरही नसतात. त्यांचा तंटा झाला की तहसीलदारासमोर प्रत्यक्ष वहिवाट सिद्ध करावी लागते. असईजवळच्या उताराप्रमाणेच तेथेही पुरावा पायांचा असतो.

वर्ग आणि वापर यांतील अंतर किती महाग पडते, ते ८ मे २०२० च्या पहाटे दिसले. टाळेबंदीत काम बंद झालेले मध्य प्रदेशातील मजूर घरी जाणारी गाडी मिळेल या आशेने जालन्याहून भुसावळकडे पायी निघाले होते. ते रुळांच्या कडेने चालत होते आणि थकून बदनापूर ते करमाड या स्थानकांदरम्यान रुळांवरच झोपले. मालगाडीखाली १६ जण गेले. प्रवासी गाड्या बंद होत्या, मालगाड्या चालू होत्या. नकाशात ती रेघ लोहमार्गाची आहे. चालणाऱ्यांसाठी ती न चुकणारी, सरळ, गावोगाव थांबे असलेली वाट होती. नकाशाला दोष देण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. पण कोणतेही वर्गीकरण कोणासाठी केले आहे आणि त्यात कोण धरलेले नाही, हे विचारण्याची सवय विद्यार्थ्यांना लागावी, असे आम्हाला वाटते.

वर्गात करण्यासारखे

शिक्षकांनी पुढील उपक्रम करून पाहावेत.

१. शाळेपासून निघणाऱ्या सर्व वाटांची यादी करा. प्रत्येकीपुढे तीन रकाने ठेवा: शासकीय वर्ग, पृष्ठभाग, आणि पावसाळ्यात चालू की बंद. तिन्ही रकान्यांचा मेळ कोठे बसत नाही ते शोधा.

२. कडेचे किलोमीटरचे दगड पाहा. साधारणपणे पिवळा माथा राष्ट्रीय महामार्गाचा, हिरवा राज्य महामार्गाचा आणि नारिंगी ग्रामसडक योजनेतील रस्त्याचा असतो. दगडाचा रंग आणि फलकावरील नाव जुळतात का ते तपासा. दर्जोन्नती झाल्यावर दगड मागे राहिलेला असू शकतो.

३. आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश घेऊन वरील पद्धतीने स्थलनिर्देशक पत्रकाचा क्रमांक काढा.

४. जवळच्या स्थानकाचा फलाट पावलांनी मोजा. ६०० मीटरचा फलाट १:५०,००० प्रमाणावर १२ मिलिमीटर आणि १:१०,००,००० प्रमाणावर ०.६ मिलिमीटर येतो. कोणत्या प्रमाणापासून स्थानकाचा ठिपका करावा लागेल, यावर चर्चा घ्या.

५. मुलांना स्वतःचे वर्गीकरण करू द्या: सायकलसाठी, गुरांसाठी, रात्री एकटीने येणाऱ्या मुलीसाठी, चाकाच्या खुर्चीसाठी. त्याच गावाचे चार वेगळे नकाशे तयार होतील. ते भिंतीवर शेजारी शेजारी लावावेत आणि ग्रामसभेच्या दिवशी गावकऱ्यांना दाखवावेत.